ओळंबाबाईंची बॅग

विकाऊ घरांचे फोटो काढणं हा तिचा धंदा, आणि ओळंबाबाई हे नाव तिला एका दलालाने बहाल केलेलं. भिंत सरळ चढते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. दलालाचं म्हणणं असं, की बाकीच्यांच्या फोटोत खोल्या जरा झिंगल्यासारख्या दिसतात. हिच्या फोटोत भिंत म्हणजे भिंत असते. दाराच्या चौकटी, कपाटांच्या कडा, खिडक्यांचे गज, सगळं कवायतीला उभं केल्यासारखं. तेही ट्रायपॉड न लावता. खोलीच्या दारात उभं राहायचं, कॅमेरा डोळ्याला लावायचा, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. बस.

या सरळपणाच्या कीर्तीत एकच गोष्ट वाकडी होती, ती म्हणजे ती स्वतः. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली उतरला होता. कॉलेज संपल्यावर घेतलेली एकपट्टी बॅग ती इतकी वर्षं त्याच खांद्यावर वागवत होती. दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर आणि पाण्याची बाटली हा तिचा संसार. शिवाय छत्री, स्वेटर, पट्ट्या-मलमांची डबी आणि ‘लागलं तर’ या नावाखाली येणाऱ्या अनेक वस्तू हा आईचा संसार. बॅगेच्या वजनात आईचा वाटा नेमका किती, हा प्रश्न घरात कधी विचारला गेला नव्हता. घरात दोघीच होत्या आणि दोघींनाही शांतता प्रिय होती.

खांद्यावर बॅग असणं निराळं आणि ती दिवसभर खांद्यावरून न उतरवणं निराळं. पण लोकांच्या घरात बॅग ठेवायची कुठे? जमिनीवर ठेवली तर फोटोत येते, पलंगावर ठेवली तर चादर चुरगळते, टेबलावर ठेवली तर मालकीणबाई फडकं घेऊन मागे येतात. एकदा एका पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर तिच्या बॅगेच्या बुडाचा काळा शिक्का उमटला होता आणि फोटो राहिले बाजूला, दुपार सोफा घासण्यात गेली होती. तेव्हापासून तिचा नियम होता, की उंबरा ओलांडल्यापासून बाहेर पडेपर्यंत बॅग खांद्यावरच. घरमालक म्हणायचे, किती शिस्तीची बाई. खांद्याचं मत कोणी विचारलं नाही.

ते खांद्याने यथावकाश स्वतःच कळवलं. उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळीला, मग शेजारच्या बोटांना, शेवटी थेट तर्जनीपर्यंत. तर्जनी म्हणजे तिचं पोट. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. ते अर्धं कुठे संपतं आणि पूर्ण कुठे सुरू होतं, हेच बोटाला कळेनासं झालं. तिने ही गोष्ट आईपासून लपवली. पण आईपासून काही लपवायचं तर घर जरा मोठं लागतं. एका संध्याकाळी ती डाव्या हाताने कुलपात किल्ली फिरवत असताना आतून दार उघडलं.

“उजव्या हाताला काय झालं?”

“काही नाही गं.”

“मग डाव्याला बढती मिळाली का?”

दुसऱ्या दिवशी दोघी हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तिला भिंतीशी पाठ लावून उभं केलं आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं. मग नर्सला बोलावून तिलाही दाखवलं. “बॅग बदला,” त्या म्हणाल्या. “नाहीतर खांदा बदला. बॅगा दुकानात मिळतात.” आणि मग हसू आवरून म्हणाल्या, की नस दबते आहे, असंच चालू ठेवलं तर हात कायमचा बधिर होईल, मग कॅमेरा राहू द्या, चमचा धरायची पंचाईत.

चमच्याचं हे वाक्य आईने उचललं आणि पुढचे कित्येक दिवस जेवायला बसलं, की चमच्यासोबत वाढलं.

आई निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर दुसऱ्यांना संदर्भ शोधून देण्यात गेलेलं, आणि आता तो सगळा अभ्यास वापरायला तिच्या हाताशी एकच विषय उरला होता, तो म्हणजे मुलगी. तिने बॅगा वाचायला घेतल्या. कुठकुठली दाढीवाली माणसं मोबाइलच्या पडद्यावर आपापल्या बॅगांच्या चेनी उघडून दाखवायची आणि आई डोळ्यांत तेल घालून बघायची. पट्टा किती रुंद असावा, पाठीला वारा लागायला मध्ये फट किती असावी, चेन पाठीच्या बाजूने उघडणारी असली तर गर्दीत चोराला हात घालता येत नाही, हे सगळं आईला मुखोद्गत झालं. मुलीने एकदा धीर करून विचारलं, “आई, धंदा माझा आहे ना?”

“धंदा तुझा, पाठ माझी,” आई म्हणाली. “मी घडवलेली आहे ती.”

आणि तिने पडद्यावर पुढचा दाढीवाला लावला.

दुकानात जायच्या दिवशी मुलीने बजावलं, की माझे कॅमेरे त्या विक्रेत्याच्या हातात मी देणार नाही. आईने वाद घातला नाही, हेच संशयास्पद होतं. तिने कॅमेऱ्याचं सगळं सामान गुपचूप वजन करून ठेवलं होतं आणि तेवढ्याच वजनाचा ऐवज एका कापडी पिशवीत भरून घेतला होता. दुकानातल्या काचेच्या टेबलावर तिने तो एकेक करून मांडला. इस्त्री. शब्दकोशाचे दोन खंड. खलबत्ता.

विक्रेता तरुण होता, गळ्यात दुकानाची पट्टी, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू. ते जरा लटपटलं. “मॅडम, यात कॅमेरा ठेवतात.”

“ठाऊक आहे. ही मोठी लेन्स,” आई खलबत्त्यावर हात ठेवून म्हणाली. “हा कॅमेरा,” म्हणजे इस्त्री. “आता दाखवा.”

मुलगी शेजारच्या टोप्यांच्या रांगेत फार रस घेत असल्यासारखी उभी राहिली.

भिंतभर बॅगा टांगलेल्या होत्या. पाठीवरच्या, खांद्यावरच्या, आडव्या घालायच्या, चाकं लावलेल्या. चाकांवाली आईला पहिल्यांदा फार आवडली, पण जिन्यात ती उचलूनच न्यावी लागणार हे कळल्यावर तिने तिच्याकडे पाठ फिरवली. मुलीला एक चामड्याची, नेटकी, आडव्या पट्ट्याची बॅग आवडली. बाहेरून बघून आत कॅमेरा आहे असं कोणाला वाटलं नसतं, आणि बाजूने एका हाताने लेन्स काढता येत होती.

“ही परत एका खांद्यावर,” आई म्हणाली.

“आडवी घालायची असते गं.”

“आडवी घाल, उभी घाल, खांदा एकच ना?” आई विक्रेत्याकडे वळली. “तुम्ही घालून दाखवा बघू. हे सगळं भरून.”

त्या तरुणाने मुकाट्याने शब्दकोश भरले, इस्त्री भरली, खलबत्ता भरला आणि बॅग अडकवून दुकानभर एक फेरी मारली. परत आला तेव्हा त्याचा एक खांदा कानापासून लांब गेला होता. आईने मुलीकडे नुसतं बघितलं.

पण तो पोरगा धंद्यात मुरलेला होता. खलबत्ता उतरवल्यावर त्याने आतून पाठीवरची एक राखाडी बॅग आणली. “वजन खांद्यावर घ्यायचंच नाही, मॅडम. कमरेवर घ्यायचं. हा खालचा रुंद पट्टा आधी आवळायचा, तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. वरचे पट्टे नुसते तोल सांभाळायला. आणि जड लेन्स पाठीला चिकटून ठेवायची, बाहेरच्या बाजूला ठेवली की बॅग मागे ओढते.” आईच्या मनातल्या परीक्षेत तो पहिला आला. मुलीला बॅग चढवण्यात आली. आईने शाळेच्या पहिल्या दिवशी आवळावेत तसे पट्टे आवळले, छातीवरची पट्टी लावली, दुकानाचा जिना दोनदा चढायला-उतरायला लावला आणि वरून विचारलं, “टोचतंय का कुठे?”

“लाज टोचतेय,” मुलगी खालून म्हणाली.

पण खरं सांगायचं तर टोचत काहीच नव्हतं. इस्त्री, शब्दकोश, खलबत्ता हे सगळं अंगावर असून नसल्यासारखं झालं होतं. दुकानातल्या आरशात एक सरळ उंच बाई दिसली. ती कोण हे कळायला तिला जरा वेळ लागला.

बॅग घरी आली आणि आईचे दिवस पालटले. काही आठवड्यांत मुंग्या गेल्या. तर्जनीला अर्धं आणि पूर्ण यांतला फरक पुन्हा कळायला लागला. शेजारीण म्हणाली, बारीक झालीस का गं? आई म्हणाली, “बारीक नाही, सरळ झालीय,” आणि जणू ती पाचही बोटं आपणच नव्याने घडवली अशा थाटात घरात वावरू लागली. सगळं अगदी दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. फक्त फोटो वाकडे यायला लागले होते.

पहिलं घर तळमजल्यावरचं होतं. संगणकावर फोटो उघडले तर प्रत्येक खोलीची फरशी उजवीकडे उतरलेली. तिला वाटलं, जुनं घर, खचलं असेल. दुसरं घर नवंकोरं होतं, तेही उजवीकडे उतरलेलं. तिला वाटलं, हल्लीचे बिल्डर. तिसरं घरही त्याच बाजूला कललेलं निघालं, तेव्हा तिला शहरातल्या एकूण बांधकामाची काळजी वाटायला लागली. स्वतःची वाटायला अजून अवकाश होता.

संगणकावर फोटो फिरवून सरळ करता येतो, पण फिरवला की कडा कापल्या जातात, आणि दलालाचा सगळा जीव कोपऱ्यांत. कापलेल्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाला ओल दिसते, असं त्याचं मत होतं. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा चालू करून बघितल्या. रेघा जुळायच्या, पण श्वास रोखून बटण दाबायच्या नेमक्या क्षणी उजवा हात आपला हलकेच वर उचलला जायचा. ट्रायपॉड घ्यावा तर पाठीवर पुन्हा तेवढंच ओझं, आणि डॉक्टरीणबाई आणि आई अशा दोघींची परवानगी काढायची. शेवटी एकदा कंटाळून तिने फोटो आले तसे पाठवून दिले.

दलालाचा फोन आला. “ओळंबाबाई, हे घर आहे की होडी?”

“थोडं कललंय का?”

“थोडं? गिऱ्हाईक विचारतंय, पाया खचलाय का. शनिवारी बायकोला घेऊन येणार होते, आता इंजिनिअर घेऊन येतो म्हणतात.” दलाल जरा थांबला. इतक्या वर्षांचा संबंध, त्याला सरळ बोलणं जड जात होतं. “उद्या परत काढा. आणि नसेल जमत तर सांगा. माझा भाचा मोबाइलवर काढतो, त्यात म्हणे आपोआप सरळ येतात.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मग माळ्यावरून जुनी बॅग काढली, सामान भरलं, उजव्या खांद्यावर अडकवली आणि समोरच्या फडताळाचा फोटो काढला. फडताळ ताठ. नवी बॅग चढवून काढला. फडताळ उजवीकडे कललेलं. पुन्हा जुनी, पुन्हा ताठ. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं खांदा खाली ओढला जात होता आणि हात त्याची भरपाई करत कॅमेरा वर उचलत होता. डोळाही त्या दोघांना सामील होता. आता खांदा जागेवर आला, पण हाताला कोणी कळवलंच नव्हतं. ज्याच्या जोरावर सगळे तिला ओळंबा म्हणत होते, ते कसब नव्हतंच. ती दोन वाकडेपणांची आपसातली तडजोड होती.

आई मागे उभी होती. “म्हणजे दोष बॅगेचा?”

“तुझी बॅग सरळ आहे, आई. मीच वाकडी आहे.”

“असं कोण म्हणतं?” आईला हेही सहन होईना.

“उद्याच्या दिवस जुनी नेते. एकदाच.”

“एकदाच म्हणत म्हणत तू ती अर्धं आयुष्य नेलीस. परत मुंग्या आल्या तर? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“चमचा,” मुलगी म्हणाली.

सकाळी जुनी बॅग घरात कुठेच नव्हती. आई पायात चपला घालून दाराशी तयार होती. “शोधू नकोस,” ती म्हणाली. “मी येतेय ना.”

ती येऊन काय करणार आहे हे विचारण्याइतकंही त्राण मुलीत उरलं नव्हतं.

त्या खचलेल्या म्हणून गाजलेल्या घरात दलाल आधीच येऊन थांबला होता, आणि घरमालक खुर्चीत बसून आपल्या पायाची, म्हणजे घराच्या पायाची, बाजू मांडत होते. मुलगी बैठकीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. पहिला फोटो वाकडा आला. दुसराही. दलालाने खिशातून मोबाइल काढला. भाच्याचाच नंबर शोधत असेल असं तिला वाटलं. इतक्यात आई मागून आली आणि तिने दोन्ही हात मुलीच्या उजव्या खांद्यावर ठेवून सगळा भार टाकला.

“आई! काय करतेस?”

“काढ तू. किती दाबू तेवढं सांग.”

तिने काढला. भिंत सरळ आली होती. अगदी पूर्वीसारखी.

मग वरात निघाली. पुढे मुलगी, मागे तिच्या खांद्याला लोंबकळणारी आई. झोपायच्या खोलीत आई टाचा उंच करून दाबत होती. स्वयंपाकघरात जागा कमी, तिथे तिला ओट्याला टेकून दाबावं लागलं. न्हाणीघरात आरसा होता; मुलगी त्यात येणार नाही अशी तिरकी उभी राहिली, पण मागची आई दिसत होती, म्हणून आई खाली बसली आणि मुलीचा कोपर धरून खाली ओढत राहिली.

“जरा जास्त ओढलंस,” मुलगी दातओठ खात म्हणाली.

“मग नीट सांग ना. मला मागून काय दिसतं?”

घरमालकांनी दलालाला हळूच विचारलं, “त्यांना फिट वगैरे येते का?”

“नाही हो,” दलाल म्हणाला. “ही कामाची पद्धत आहे.” त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो बघितला. चारही कोपरे, चारही भिंती, सगळं जागच्या जागी. त्याचा चेहरा उजळला. “वा! आता कसं! ओळंबाबाई, तुम्ही आईंना रोज आणत जा.”

आईचा चेहरा त्याच्याहून उजळला. “मला काय, मी रिकामीच असते.”

परतीच्या वाटेवर आईने सगळी आखणी करून टाकली. उभं राहून पाय दुखतात, तेव्हा एक घडीचं स्टूल लागेल. शिवाय तिची पाण्याची बाटली वेगळी, गोळ्यांची डबी वेगळी, आणि थंड फरशीवर बसायला एक सतरंजी. “नव्या बॅगेत जागा आहेच,” ती म्हणाली. “कमरेवर वजन कळतसुद्धा नाही, तूच म्हणालीस.”

मुलीने कमरेचा पट्टा आणखी आवळला. आजवर तिला भीती वाटली होती ती हात जाईल म्हणून, काम जाईल म्हणून. आता दोन्ही वाचले होते आणि तिला तिसरीच धडकी भरली होती. उद्यापासून प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीत, न्हाणीघरासकट, आई.

घरी पोहोचल्याबरोबर तिने नवी बॅग पाठीवर तशीच ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. फोटो, बघ, पूस. फोटो, बघ, पूस. उजवा हात वर उचलला जाई त्या क्षणी ती त्याच्यावर मनातल्या मनात खेकसत होती. आत आई माळ्यावरून काढलेल्या घडीच्या स्टुलाला तेल पाजत होती. फडताळ हळूहळू उभं राहायला लागलं होतं, पण एखाद्या माणसाने झोपेतून उठावं तसं, जरा रेंगाळत.

“जमलं का?” आईने विचारलं.

“जमलं.”

“बघू.”

तिने त्यातल्या त्यात बरा फोटो काढून कॅमेरा आईपुढे धरला. फडताळ अजून किंचित उजवीकडे झुकलेलं होतं. आईने चष्मा लावला, बघितलं, मान जराशी उजवीकडे कलती केली आणि तशीच धरून म्हणाली, “सरळ आहे की.”

मुलीने कॅमेरा बंद केला.

“मग मी उद्या नको यायला?”

“नको गं. तुझे पाय दुखतील.”

आईने स्टूल घडी करून दाराआड उभं केलं. चेहरा जरा उतरला होता, पण मुलीच्या दोन्ही खांद्यांवर सारखे हात ठेवून तिने एकदा मागून पारख केली आणि भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. दलालाने दारातच विचारलं, “आई कुठे?” ती म्हणाली, “आज मीच.” पूर्वी एका फोटोत उरकणारी खोली आता उरकेना; दलालाने दोनदा घड्याळ बघितलं, एकदा खाकरून घेतलं आणि शेवटी पलीकडच्या खोलीच्या खिडकीत जाऊन उभा राहिला. ती कमरेचा पट्टा आवळून दारात उभी होती आणि तर्जनीने बटण दाबत होती. पुसत होती, पुन्हा दाबत होती.